दुसरं दार

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमधून परत आल्यावर, कपाळावरची राख तशीच असताना, प्रोविदेंझा मिस्त्रेताने मुलीच्या जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं की यंदा संत जोसेफची वेदी मांडायची, आणि ती डेल्मार स्ट्रीटवरच मांडायची.

रोझने सुपातला डाव सोडून दिला. "डेल्मार स्ट्रीटवर कुठे, आई? तिथे अजून कुत्रंसुद्धा परतलेलं नाही."

"कुत्रं परतलंय. तुझ्या नीनफाआत्याने काल फोनवर सांगितलं."

रोझचा नवरा अर्ल मान खाली घालून जेवत राहिला. लग्नाला तीस वर्षं झाली तरी तो या इटालियन घरात आयरिश जावईच होता, आणि वेदीचा विषय निघाला की आयरिश माणसाने बोलायचं नसतं एवढं तो शिकला होता.

बाकी सगळ्यांना रोझचंच म्हणणं बरोबर वाटलं असतं. ऑगस्टमधल्या वादळात बांध फुटले आणि डेल्मार स्ट्रीटवरच्या मिस्त्रेतांच्या घरात छतापर्यंत पाणी चढलं. प्रोविदेंझाला रोझने आदल्या दिवशीच गाडीत घालून आणलं होतं. तिचा नवरा कालोजेरो मात्र घर सोडायला तयार झाला नाही, म्हणून थोरला सॅन्टो त्याच्यासोबत राहिला. सॅन्टोने लग्न केलं नव्हतं, तो आईबापांजवळच राहायचा आणि सुतारकाम करायचा. दोघं छपरावर चढले. तिसऱ्या दिवशी खाली उतरला तो एकटा सॅन्टो.

तेव्हापासून प्रोविदेंझा रोझकडे होती, शहराच्या कोरड्या बाजूला. सॅन्टो डेल्मार स्ट्रीटवर, घरासमोर सरकारने आणून ठेवलेल्या पांढऱ्या ट्रेलरमध्ये एकटा राहत होता. घराच्या आतल्या भिंती, जमिनीवरच्या फळ्या, कपाटं सगळं त्याने स्वतःच्या हाताने उचकटून काढलं होतं, बाहेरचं कवच आणि लाकडी सांगाडा तेवढा उरला होता. ईस्टरच्या नंतरच्या आठवड्यात घर पाडणारे येणार होते. ते झालं की सॅन्टो टेक्ससला जाणार होता, कायमचा. आईने रोझकडेच राहावं हे भावाबहिणीचं ठरलेलं होतं. सात महिन्यांत त्याने आईला एकदाही त्या घरापाशी येऊ दिलं नव्हतं.

रोझ म्हणाली, "वेदी म्हणजे नवस फेडणं. काही मिळालं तर फेडायचं. यंदा आपल्याला काय मिळालं ते मला एकदा सांग."

"यंदा फेडायचं नाही, मागायचं आहे."

"काय मागणार आहेस?"

"ते माझं आणि त्याचं," म्हातारी म्हणाली आणि पावाचा तुकडा सुपात बुडवला.

रोझला वाटलं, आई घर मागणार. नीनफाआत्यालाही फोनवर तसंच वाटलं, आणि तिने आनंदाने दोन दिवस सगळ्या नातेवाइकांना तसंच सांगितलं. पण प्रोविदेंझाच्या मनात घर नव्हतं. मागच्या रविवारी सॅन्टो जेवायला आला होता तेव्हा तिने त्याच्या कानाकडे पाहिलं होतं. त्या कानावर वयाच्या पंधराव्या वर्षापासून सुताराची पेन्सिल असायची. जेवताना असायची, चर्चमध्ये असायची, तेव्हापासूनचा त्याचा एकही फोटो तिच्याशिवाय निघालेला नव्हता म्हटलं तरी चालेल. आता कान रिकामा होता. जेवणाआधी सगळ्यांनी क्रूसाची खूण केली तेव्हा त्याने मीठ शोधायचं निमित्त केलं. देवावर रागावलेला मुलगा आईला चालतो, रागावणाऱ्याचं निदान बोलणं तरी सुरू असतं. सॅन्टो रागावलेलाही नव्हता, तो फक्त उठून गेल्यासारखा होता. असा माणूस टेक्ससला गेला तर परत येणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिला तिचा मुलगा हवा होता. घराचं काय व्हायचं ते होवो.

*

वेदीचं सामान विकत आणायचं नसतं. दारोदार जाऊन मागायचं असतं, मग तुम्ही कितीही खात्यापित्या घरचे असा. रोझने एकदा धीर करून सुचवलं की एवढी पायपीट कशाला, मी दुकानातून सगळं एका फेरीत आणते. आईने कोट घातला आणि जाऊन गाडीत बसली.

पूर्वी मागणं सोपं होतं. डेल्मार स्ट्रीटवर प्रत्येक दारात आधीच पिशवी भरून ठेवलेली असायची. आता दारंच नव्हती. रोझ आईला घेऊन ट्रेलरच्या रांगांमधून फिरली, मदतवाटपाच्या तंबूबाहेर उभी राहिली, पेट्रोलपंपावर उतरली. ओळखीचं कुणी दिसलं की ती गाडीत खाली सरकायची. आपली आई भिकाऱ्यासारखी हात पसरते आहे आणि तेही ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांच्यापुढे, या विचाराने पहिले काही दिवस तिला रात्री जेवण गेलं नाही.

पण लोक देत होते. छपरं शाकारायला आलेल्या मेक्सिकन कामगारांनी शिडीवरून उतरून संत्री दिली आणि टोप्या काढल्या. एका माणसाने टोमॅटोचे डबे आणले, त्यांवर मदतवाटपाचा शिक्का होता. तो ओशाळून म्हणाला, "हे मलाच दानात मिळालंय. चालेल का?"

"दानातलंच चालतं," प्रोविदेंझा म्हणाली. "तुमचं नाव सांगा, प्रार्थनेत घेते."

शेवटच्या रांगेत मिस व्हर्ना भेटली. डेल्मार स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं. तिने साखरेचं अर्धं पोतं ओढत बाहेर आणलं आणि ट्रेलरच्या पायरीवर बसून विचारलं, "मिस प्रोवी, तुम्ही खरंच परत येताय का? खरं सांगा. तुम्ही येणार असाल तर मी मुलाला सांगते की दुकान विकू नकोस. कुणीतरी आधी यायला पाहिजे ना."

रोझने आईकडे पाहिलं. आता आई काहीतरी गोड थाप मारणार असं तिला वाटलं.

"ते माझ्या हातात नाही, व्हर्ना," आई म्हणाली. "पण सणाला जेवायला ये. मुलालाही आण."

परतताना रोझने गाडी कडेला घेतली आणि सॅन्टोला फोन लावला. मी अजून तुझ्याच बाजूची आहे, तिने त्याला सांगितलं, पण पाडणाऱ्यांना थोडे दिवस पुढे ढकलता आलं तर बघ. सॅन्टोने विचारलं, कशासाठी. रोझला कारण सांगता येईना. ती म्हणाली, साखर मिळाली म्हणून. सॅन्टोने फोन ठेवला. दोघांची एकी तिथे पहिल्यांदा थोडी उसवली.

*

वेदी नीनफाच्या घरी मांडायची ठरली, कारण दुसरं घर नव्हतंच. कालोजेरोच्या या धाकट्या बहिणीचं घर त्याच गल्लीच्या चढाच्या टोकाला, उंच जोत्यावर होतं. पाणी तिच्या वरच्या पायऱ्यांपाशी येऊन थांबलं होतं, आणि ही स्वतःच्या भक्तीची पावती आहे असं ती सगळ्यांना न विचारता सांगायची. टोमॅटोच्या रश्श्यात बडीशेप आधी घालायची की नंतर, यावरून तिचं आणि वहिनीचं लग्नापासून वाजत आलं होतं. यंदा मात्र दोघी एका बाजूला होत्या, आणि तेच रोझला जास्त धोक्याचं वाटत होतं.

सणाच्या आदल्या दुपारी नीनफाने सॅन्टोला निरोप पाठवला की मोरी गळते आहे. तो पाना घेऊन आला. मोरी गळत नव्हती. दिवाणखान्यात वेदीच्या तीन पायऱ्या हव्या होत्या, पित्यासाठी, पुत्रासाठी आणि पवित्र आत्म्यासाठी.

"सुतार बोलवा, आत्या."

"सगळे सुतार छपरांवर आहेत. गावात रिकामा असा तू एकटाच आहेस."

सॅन्टो दाराकडे वळला. स्वयंपाकघरात आई पीठ मळत उभी होती. तिने मान वर केली नाही. तिच्यासमोर ओट्यावर कच्चे पाव ओळीने मांडलेले होते, संत जोसेफची सुतारकामाची हत्यारं पिठातून घडवलेली, शिडी, करवत, हातोडा. करवतीचे दात सगळे एका बाजूला कलले होते. अशा करवतीने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही हे त्याला दिसलं. तो तसाच बाहेर गेला. बायका समजल्या, गेला. पण थोड्या वेळाने तो फळ्या घेऊन आला. घरातून उचकटलेल्या जमिनीच्या फळ्या होत्या त्या, कालोजेरोने लग्नाच्या वर्षी बसवलेल्या. चिखल धुतला होता, तरी कडांना काळपट रेघ होती. सॅन्टोने अंदाजानेच त्या कापल्या आणि ठोकल्या, मोजलं नाही की खूण केली नाही. मधली पायरी थोडी तिरकी झाली. नीनफा तोंड उघडणार होती, पण प्रोविदेंझाने पिठाचा हात तिच्या दंडावर ठेवला.

नीनफा अंगणातलं वाळवण बघायला गेल्यावर सॅन्टो ओट्याला टेकून उभा राहिला. त्याने बोट पुढे करून करवतीचा एक दात सरळ केला.

"पपांनी पाव टाकला होता," तो म्हणाला.

त्यांच्याकडे वेदीवरच्या आशीर्वादित पावाचा एक तुकडा वर्षभर घरात जपून ठेवतात. वादळ आलं की तो बाहेर टाकायचा, प्रार्थना करायची, वादळ शमतं. प्रोविदेंझाने सात महिने हे विचारायचं टाळलं होतं.

"कुठून टाकला?"

"माळ्याच्या खिडकीतून. प्रार्थना म्हटली, टाकला, आणि आम्ही बघत राहिलो. पाव तरंगत गेला. पाणी चढतच राहिलं."

आई पिठाकडे बघत होती. "मग काय म्हणाले?"

सॅन्टोने करवतीचा आणखी एक दात सरळ केला. "म्हणाले, प्रोवीने विचारलं तर सांग की टाकला होता. नाहीतर ती मला वरसुद्धा सुखाने राहू द्यायची नाही."

प्रोविदेंझा हसली. पोटातून आलेलं, जुनं हसू होतं ते, आणि ते हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले. तिने पुसले नाहीत, दोन्ही हात पिठाने भरलेले होते. सॅन्टोने कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि लहान मुलाचं पुसावं तसं आईचं तोंड पुसलं.

"मला देवाचं काही कळत नाही आता, आई," तो म्हणाला. "तू मागतेस, मांडतेस. मला त्यातलं काही वाटत नाही. खोटं कशाला बोलू."

"मलाही रोज वाटत नाही," ती म्हणाली. "ज्या दिवशी वाटत नाही त्या दिवशी मी पीठ मळते. हे पीठ काही विश्वासाने फुगत नाही, मळल्याने फुगतं. विश्वास मागून येतो कधीतरी. कधी कधी फार उशिरा येतो, पण येतो."

छपरावरच्या तीन दिवसांतलं एका बोटीचं तेवढं सॅन्टोने आजही सांगितलं नाही.

मग आईने खरं काम काढलं. उद्या तीन मुलं येशू, मारिया आणि जोसेफ होऊन आसरा मागत निघणार. पहिल्या दोन दारांतून त्यांना नाही म्हणायचं असतं, तिसऱ्या दारात घ्यायचं असतं. तिसरं दार नीनफाचं. पहिल्या दाराला समोरच्या रिकाम्या घरात अर्ल उभा राहणार. दुसऱ्या दाराला शेजारचे मिस्टर डॉइल असायचे, ते आता अटलांटाला होते. मधे एकच दार उभं होतं.

"आपलं," सॅन्टो म्हणाला.

"आतून फक्त 'इथे जागा नाही, पुढे जा' एवढंच म्हणायचं. दार उघडायचंसुद्धा नाही. नाही म्हणायचं तुला हल्ली चांगलं जमतं."

हा टोमणा त्याला लागला आणि बरंही वाटलं. या सात महिन्यांत त्याला कुणी टोमणा मारला नव्हता. सगळे त्याच्याशी दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलायचे. तू मात्र तिकडे यायचं नाहीस, आत्याच्या ओसरीवरच थांबायचं, अशी अट घालून तो हो म्हणाला.

*

सणाच्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. उपवासकाळाच्या मधोमध येणारा हा एक दिवस, मांसाशिवाय सगळं खायचं. नीनफाच्या तिरक्या पायरीवर आर्टिचोकच्या भरलेल्या कळ्या, तळलेली मासळी, अंजिराच्या कुकीज, मिस व्हर्नाच्या साखरेचा केक, फावा शेंगांच्या सुक्या दाण्यांनी भरलेली वाटी आणि सगळ्यांच्या वर संत जोसेफ. शेवयांवर भुरभुरायला परतलेला पावाचा चुरा होता, सुताराच्या भुशासारखा. चीज घालायचं नसतं, अर्ल दरवर्षी मागतो आणि दरवर्षी बोलणी खातो. ट्रेलरमधून, कोरड्या बाजूकडून, बॅटन रूजहून, जिथून जमेल तिथून माणसं आली होती. शिडीवरचे कामगारही आले होते. गल्लीत ऑगस्टनंतर इतकी माणसं पहिल्यांदाच उभी होती, आणि बहुतेक जण जेवणाकडे न बघता एकमेकांकडेच बघत होते.

मुलं तीनच मिळाली. त्यांत मुलगा एकही नव्हता, म्हणून रोझची नात गॅबी जोसेफ झाली. कापसाची दाढी टोचते म्हणून तिने उपटून टाकली, तेव्हा रोझने पर्समधली भुवया रंगवायची पेन्सिल काढून तिच्या गालांवर दाढी काढून दिली. दाढी बऱ्यापैकी भयंकर झाली होती. आठ वर्षांचा जोसेफ काठी आपटत पुढे, मागे त्याहून लहान मारिया आणि तिच्या बोटाला धरलेला येशू, त्यांच्यामागे फादर आणि सगळी गल्ली.

प्रोविदेंझा ओसरीवर बसली होती. मुलं वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ती उठली. रोझ म्हणाली, आई, तू सॅन्टोला शब्द दिला आहेस.

"शब्द त्याने घेतला, मी दिला नव्हता," म्हातारी म्हणाली आणि मुलीचा हात मागितला. रोझने तो दिला. आपण आता कुणाच्या बाजूला आहोत हे रोझला पायऱ्या उतरताना कळलं.

पहिल्या दाराशी अर्लने काम चोख केलं.

"कोण आहे?"

"येशू, मारिया आणि जोसेफ."

"काय हवंय?"

"खायला अन्न आणि रात्रीपुरता आसरा."

"इथे जागा नाही. पुढे जा!" अर्ल एवढ्या जोरात गरजला की येशू रडायला लागला, आणि अर्ललाच बाहेर येऊन त्या चिमुरडीची समजूत काढावी लागली.

दुसऱ्या दाराच्या आत सॅन्टो उघड्या सांगाड्यात उभा होता. आतल्या भिंती नसल्यामुळे खिडक्यांमधलं ऊन सरळ आरपार येत होतं. बाहेर पावलं वाजली, कुजबुज झाली, आणि मग काठीने दार ठोकलं गेलं.

"कोण आहे?" त्याने विचारलं. एवढं त्याला जमलं.

"येशू, मारिया आणि जोसेफ."

"काय हवंय?"

"खायला अन्न आणि रात्रीपुरता आसरा."

आता त्याची पाळी होती. त्याने तोंड उघडलं आणि त्याला बोट दिसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलेली ती बोट माणसांनी काठापर्यंत भरलेली होती. सॅन्टोने शर्ट काढून हलवला होता, ओरडून घसा फोडला होता. सुकाणूवरच्या माणसाचा आवाज त्याला अजून ऐकू यायचा. जागा नाही, पुढच्या खेपेला येतो. तो माणूस खोटं बोलला नव्हता, सकाळी खरंच आला. त्याच्या बोटीत पोरं होती, त्याची काही चूक नव्हती. कालोजेरोने छपरावरून हात हलवून म्हटलं होतं, जा बाबा, आधी मुलांना ने. आणि रात्री कधीतरी त्याचा हात सॅन्टोच्या हातात गार झाला. जागा नाही. दोनच शब्द होते आणि सॅन्टो सात महिने त्यांच्यावर झोपत होता, त्यांच्यावर उठत होता.

बाहेर लोक थांबले होते. कुणीतरी खोकलं. तो वाक्य विसरला असं समजून रोझ दाराच्या फटीशी आली आणि हळूच म्हणाली, "सॅन्टो, जागा नाही म्हण. पुढे जा म्हण."

आत कडी सरकल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं.

सॅन्टो उंबऱ्यात उभा होता, डोळे लाल. "आहे," तो म्हणाला. "जागा आहे. आत या."

गॅबीने दाढीवरून हात फिरवला. "मामाआजोबा, तुम्ही चुकलात. तुम्ही नाही म्हणायचं असतं."

"माहीत आहे बाळा. मला नाही म्हणवत. आत या."

गॅबीने फादरकडे पाहिलं, मग रोझकडे. नीनफा मागून म्हणाली की असं कधी झालेलं नाही, वेदी माझ्याकडे आहे, एवढं सगळं पायऱ्या चढून वर नेलंय. फादर म्हणाले, "मुलांना घेतलंय त्यांनी. आता पुढे कसं जायचं?" येशूला भूक लागली होती, ती मारियाचं बोट सोडून सरळ आत शिरली, आणि प्रश्न मिटला.

गर्दी बाजूला झाली तेव्हा सॅन्टोला आई दिसली. ती दारावरच्या फुलीकडे बघत होती. शोधपथकाने प्रत्येक घरावर तशी फुली मारली होती आणि आत किती गेले तो आकडा खाली लिहिला होता. हाच आकडा तिने बघू नये म्हणून त्याने तिला इतके महिने दूर ठेवलं होतं, आणि पुसायचं म्हटलं तर त्याचे हात उठले नव्हते. सगळीकडे शून्य होतं. इथे एक होता. प्रोविदेंझाने त्या एकावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि उंबरा ओलांडला.

मग डेल्मार स्ट्रीटने असं काही पाहिलं जे पुन्हा दिसायचं नाही. नीनफाच्या घरातून माणसांची रांग लागली आणि अख्खी वेदी हातोहात गल्लीतून चालत आली, आर्टिचोक, केक, मासळीची ताटं. शिडीवरच्या कामगारांनी तिन्ही पायऱ्या खांद्यावर आणल्या, त्यांच्यामागे स्वतः संत जोसेफ अर्लच्या कुशीत. त्यांच्या फळ्या जिथून निघाल्या त्याच घरात त्या परत ठेवल्या गेल्या. मिस व्हर्ना मुलाचा दंड धरून आत आली आणि त्याला म्हणाली, बघ. नीनफाने बादली उलटी करून वहिनीला बसायला दिली आणि कुरकुरत शेवया वाढायला घेतल्या. तिने बडीशेप आधी घातली होती, आणि प्रोविदेंझाने ती न बोलता खाल्ली.

रोझने भावाला कोपऱ्यात गाठलं आणि पाडणाऱ्यांना आता काय सांगायचं ते विचारलं.

"त्यांना मी सांगतो," अर्ल मधेच म्हणाला. "इथे जागा नाही, पुढे जा. मला पाठ आहे."

सगळे हसले. सॅन्टो हसला नाही, पण त्याने अर्लच्या पाठीवर हात ठेवला आणि नको म्हणाला नाही. आईने ताट खाली ठेवलं. फादरने आशीर्वाद दिलेला पावाचा तुकडा तिने रुमालात बांधला, मागच्या बाजूला जिथे स्वयंपाकघर होतं तिथे गेली, आणि उघड्या खांबाला ठोकलेल्या एका खिळ्याला तो अडकवला. त्या खांबाला हात लावून ती उभी राहिली. तिने जे मागितलं होतं ते मिळालं की नाही हे तिला अजून कळत नव्हतं, म्हणून तिने विचारायचं ठरवलं.

"सॅन्टो," ती म्हणाली, "चूल होती तिथेच ठेव. खिडकी मात्र मला इथपर्यंत हवी. पूर्वी फार लहान होती."

सॅन्टो आला. आईने हात लावला होता तिथे त्याने बोट टेकवलं, दुसरं बोट पलीकडच्या खांबावर ठेवलं आणि मान तिरकी करून अंतर पाहिलं. मग त्याचा हात सवयीने कानाकडे गेला. कान रिकामा होता.

"रोझ," त्याने मागे न बघता हात पुढे केला, "ती दाढीची पेन्सिल दे जरा."